होयबाचा जबाब

आमच्या भाऊजींना सगळा रस्ता होयबा म्हणतो. समोरचा चहावाला म्हणतो, चांभार म्हणतो, शाळेतून येणारी पोरंसुद्धा काचेवर टकटक करून म्हणतात आणि पळतात. भाऊजींना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. मी आजवर वहीत बरंच काही लिहून ठेवलं आणि मिटून टाकलं, पण हे मिटून ठेवायचं नाही असं ठरवलंय.

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. कोपऱ्यावर त्यांची लाँड्री आहे. पुढे इस्त्रीची लांब टेबलं, मागे धुलाईची यंत्रं, आणि वर एक खोली, तीत ते राहतात. जेवण आमच्याकडचं, दुपारचा डबा मी स्वतः नेऊन देते. दुकानात शिरलं की आधी वाफ तोंडावर येते, मग साबणाचा वास, आणि मग भाऊजींचा आवाज, "या वहिनी, बसा, तिथे नको, ते गरम आहे."

त्यांचा धंदा चालला तो हातापेक्षा जिभेवर. गिऱ्हाईक शर्ट घेऊन तणतणत येतं, "हा डाग आधी नव्हता!" भाऊजी शर्टाकडे बघतसुद्धा नाहीत. "नसेल साहेब. माझ्याकडूनच लागला असेल. ठेवून जा, उद्या मिळेल." आलेलं वादळ दारातच ओसरतं. एकदा असाच शाईचा डाग होता. मी डबा घेऊन तिथेच उभी. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या अख्ख्या दुकानात शाई आहे का? चिठ्ठ्यासुद्धा तुम्ही पेन्सिलनं लिहिता!"

"अहो वहिनी, त्यांना खरंखोटं नको होतं, शर्ट हवा होता."

गाण्याच्या बाईंच्या काळ्या कोटाचा विषय तर आमच्या घरात अजून निघतो. त्या शेजारच्या इमारतीत गाणं शिकवतात. त्यांनी येऊन सांगितलं, कोट धुवायला दिला होता, कुठाय? भाऊजींकडे चिठ्ठी नाही, आठवण नाही, कोट आल्याची खूण नाही. पण म्हणाले, "माझ्याकडूनच गहाळ झाला असेल," आणि कोटाची किंमत थोडी थोडी करून चुकवली. हे तेव्हा इतके भडकले की सगळं जेवण होईपर्यंत भावाशी बोलले नाहीत. भाऊजी मात्र कढी वाढून घेत म्हणाले, "दादा, बाई थंडीत कुडकुडत होत्या."

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. माझ्या सासूबाई लोकांचे कपडे धूत. हातानं, मोठ्या टोपात. एका घराचे कपडे झाले की टोप उपडा करायच्या, धुवायच्या, नवं पाणी घ्यायच्या, मगच दुसऱ्या घराचे कपडे भिजवायच्या. पाणी लांबून आणावं लागायचं तरीही. म्हणायच्या, एकाचा मळ दुसऱ्याच्या अंगावर घालायचा नाही, देव बघतो. भाऊजी त्या टोपाशी बसूनच मोठे झाले. आता टोपाच्या जागी यंत्रं आली, पण रीत तीच राहिली. एका घराचे कपडे काढले की ते यंत्र रिकामं फिरवतात, गरम पाणी भरून, एकदा पूर्ण. मग दुसऱ्या घराचे घालतात. गिऱ्हाइकाला सांगत नाहीत, त्याचे जास्त घेत नाहीत. पाण्याचं बिल आलं की हे कपाळाला हात लावतात आणि भाऊजी म्हणतात, "हो ना, जरा जास्तच आलंय."

तर एका दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. आत अनोळखी माणसं. एक जण चिठ्ठ्या चाळतोय, एक जण मागे पाण्याच्या मीटरपाशी वाकलाय, आणि खुर्चीवर करखात्याचे अधिकारी. तरुण, भांग नीट पाडलेला, बोलायला अगदी मऊ. मला म्हणाले, "ताई, आपण जरा बाहेर थांबाल का?" मी काचेबाहेर उभी राहिले. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"पाणी तर एवढं वापरलंय. बिलं मात्र निम्म्याच कपड्यांची. बरोबर?"

"हो साहेब."

"म्हणजे बाकीच्या कपड्यांची बिलं केलीच नाहीत."

"नसतील साहेब."

"कर वाचवायला?"

मला वाटलं, आता तरी भाऊजी यंत्राचं सांगतील. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल. माझ्याकडूनच झालं असेल." आणि वर, "साहेब, तुमच्या बाहीचं बटण लोंबतंय. काढून देता का, लगेच लावतो."

बटण लावून झालं. जबाब लिहून झाला, वाचून झाला. भाऊजी प्रत्येक वाक्यावर मान हलवत होते. सही झाली. माणसं गेल्यावर मी आत धावले. "आता पुढे काय हो?"

"काही नाही वहिनी. भले लोक. आवाजसुद्धा चढवला नाही."

आणि मी वेडी, घरी येऊन देवाचे आभार मानले.

नोटीस आली तेव्हा कळलं काय होऊन बसलंय ते. त्यात भाऊजींच्या नावापुढे 'फसवणूक' असा शब्द होता. निम्मी विक्री लपवली, हेतुपुरस्सर लपवली, आणि तसं स्वतः कबूल केलं. बँकेतलं खातं गोठवलं. थकलेला कर, त्यावर दंड, आणि खटला भरून तुरुंग का होऊ नये याचं उत्तर द्या. भाऊजींनी नोटीस घडी घालून खिशात ठेवली, शर्टाची घडी घालावी तशी. म्हणाले, "माझंच चुकलं असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाचं चुकलं? जो माणूस दुसऱ्याच्या मळापायी स्वतःचं पाणी ओततो, तो चोर? आणि ज्यांनी मीटर वाचलं पण यंत्र फिरताना बघितलं नाही, ते हुशार? त्या मऊ बोलणाऱ्या साहेबांना एक प्रश्न विचारायला काय झालं होतं, 'एवढं पाणी कशाला लागतं हो?' एवढाच! पण तो विचारला असता तर कदाचित उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर कोणाला हवं होतं!

हिशेबनीस आले. दरवर्षी भाऊजींचा कर तेच भरतात. चष्मा पुसत म्हणाले, "सही केलीय ना? मग आता ताणू नका. मान्य करून टाका, हप्ते बांधून घेऊ."

"हप्ते कशातून देणार?" हे म्हणाले.

"यंत्रं विकायची."

"आणि मग कपडे कशात धुवायचे, तुमच्या चहाच्या कपात?" मी म्हटलं. हिशेबनीस पुन्हा चष्मा पुसायला लागले. पण हेसुद्धा रात्री जेवताना म्हणाले, "होऊन जाऊ दे. निदान तुरुंग तरी टळेल." मी ताटावरून उठले. यंत्रं गेली की दुकान गेलं, दुकान गेलं की भाऊजी उरलेच कुठे? आणि चोर हे नाव काय हप्त्यानं फिटतं?

मी प्रार्थनेला जाते, तिथे माझ्या शेजारी एक बाई बसतात, लाकडाच्या वखारवाल्यांच्या घरच्या. मागे त्यांच्या वखारीवर असंच बालंट आलं होतं. त्यांनी मला एका वकीलबाईंचा पत्ता दिला. "बोलायला तिखट आहेत," म्हणाल्या, "पण कामं हीच करतात, दुसरी नाही."

वकीलबाईंची कचेरी रंगाच्या दुकानावर होती. जिना चढेपर्यंत टर्पेंटाइननं डोकं दुखायला लागलं. बाई बुटक्या, केस कापलेले, टेबलावर गार झालेला चहा, त्यात माशी. त्यांनी नोटीस वाचली आणि मलाच उलटतपासणी सुरू केली.

"जबाब दिला तेव्हा बरोबर वकील होता?"

"नाही."

"कोणी सांगितलं का, वकील आणता येतो, वेळ मागता येतो म्हणून?"

"नाही."

"प्रत मागितली?"

"मागायची असते हे आम्हाला कोण सांगणार हो!" मी इतकी जोरात बोलले की खाली रंग ढवळणारा थांबला असेल. "नोटिशीत दंडाचा आकडा आहे, कलमं आहेत, तारीख आहे. पण जबाबाच्या कागदावर, शेजारी कोणाला तरी घेऊन बसा, एवढी एक ओळ टाकायला शाई संपली होती का?"

वकीलबाईंनी माशी काढून चहा पिऊन टाकला. "उद्या दिरांना घेऊन या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भाऊजींकडून सगळं ऐकून घेतलं. टोप, सासूबाई, रिकामं यंत्र, सगळं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही अधिकाऱ्यांसमोर खोटं बोललात."

मी उसळले. "तोंड सांभाळून बोला! हा माणूस आयुष्यात खोटं बोललेला नाही."

"रोज बोलतो," वकीलबाई म्हणाल्या. "डाग माझ्याकडून लागला, कोट माझ्याकडून हरवला. न घडलेल्याला हो म्हणणं हे काय असतं? तिथे शर्टावर भागलं. जबाब हा काही शर्ट नाही, उद्या परत धुवून द्यायला."

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. चोर म्हटलं तेव्हा पडला नव्हता तेवढा. आमच्या घरात खोट्या साक्षीसारखं पाप नाही, सासूबाईंनी हे त्यांना टोपाशी बसवूनच शिकवलेलं. ते हळूच म्हणाले, "मी नमतं घेतलं, एवढंच."

"नमतं दुकानात घ्या. मला एक सांगा, बिलाशिवाय खरंच काही केलंय का?"

भाऊजी खाली बघायला लागले. "शेजारपाजारचे इस्त्रीचे कपडे. सुटे येतात. त्यांची चिठ्ठी करत नाही."

"पैसे घेता?"

"देतील ते."

"मग ते उत्पन्न आहे, त्यावर कर भरायचा राहिलाय. त्याला स्वच्छ हो म्हणायचं."

मी म्हटलं, "ते त्यांना कुठे सापडलंय? आपण आपल्या हातानं कशाला द्यायचं?"

"कारण ते खरं आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आणि ही चूक आहे, फसवणूक नाही. दोन्हीला शिक्षा वेगवेगळी आहे, म्हणून तर माझं पोट चालतं."

त्यांनी कामाला सुरुवात केली. जबाबाची प्रत मागवली. तो जबाब मागे घेत असल्याचं प्रतिज्ञापत्र भाऊजींकडून करून घेतलं. खात्याला अर्ज दिला की यंत्रं चालू असताना येऊन बघा. खूप टाळाटाळ करून एक कारकून आला, दिवसभर स्टुलावर बसला, दर खेपेला मीटर टिपलं. दुपारी त्यानं विचारलं, "काका, हे रिकामं का फिरवताय?" इतक्या दिवसांत हे विचारणारा तो पहिला. भाऊजी इतके खुलले की त्याला सासूबाईंच्या टोपापर्यंत सगळं सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं, पण म्हणाला, "काका, पाण्याचं जुळेल हो. पण तुम्ही सही करून कबूल केलंत, त्याचं काय?"

तिथेच गाडं अडलं होतं. वकीलबाई मला म्हणाल्या, "हा माणूस सगळ्यालाच हो म्हणतो, हे सांगणारं कोणीतरी बाहेरचं हवं. घरचं नको." मला एकच नाव सुचलं.

गाण्याच्या बाईंनी दार उघडलं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "तुमच्या कोटाचं तेवढं लिहून द्या. कोट आल्याची खूण नसताना त्यांनी भरपाई दिली, एवढंच." बाई उठल्या, कपाट उघडलं. आत काळा कोट टांगलेला.

"बहिणीकडे राहिला होता," त्या म्हणाल्या. "नंतर सापडला. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही."

मी त्या कोटाकडे बघतच राहिले. हा कोट घालून त्या आमचं दुकान टाळून दुसऱ्या रस्त्यानं जात असतील. "आणि पैसे?" मी विचारलं.

"देते. आत्ता देते."

"पैसे राहू देत. कोट घेऊन चला."

इकडे घरी भाऊजींचा सराव चालला होता. वकीलबाईंनी बजावलं होतं की सुनावणीत अधिकारी थेट विचारतील आणि तिथे वकिलालासुद्धा मध्ये बोलता येणार नाही. जेवणाच्या टेबलाशी हे अधिकारी होऊन बसत. भुवया चढवून विचारत, "तुम्ही धुलाईची विक्री लपवली?"

"ना... म्हणजे..."

"लपवली का नाही?"

"तसं तुम्हाला वाटत असेल तर..."

ह्यांनी टेबलावर हात आपटला. "अरे, तू माझा भाऊ आहेस की नाहीस?"

"नसेन दादा," भाऊजी घाईघाईनं म्हणाले.

मला हसू आवरेना आणि रडूही. हे तर हसता हसता ठसका लागून उठून गेले. पण नंतर मी देवासमोर बसले तेव्हा एकच मागितलं, बाकी काही देऊ नकोस, ह्या माणसाच्या तोंडून एक 'नाही' काढ.

सुनावणीची खोली लहान, खिडकी बंद, भिंतीला फायली टेकलेल्या. तेच अधिकारी. बाहीला तेच बटण, भाऊजींनी लावलेलं, पक्कं. माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं. वकीलबाईंनी कारकुनाची टिपणं पुढे केली, गाण्याच्या बाईंचं लेखी म्हणणं वाचलं आणि काळा कोट टेबलावर ठेवला. "जो माणूस न हरवलेला कोट हरवला म्हणून कबूल करतो, त्याच्या कबुलीवर आपण फसवणुकीचा खटला भरणार आहात."

अधिकारी कोटाकडे बघत राहिले. मग भाऊजींकडे वळले. आवाज तोच, लोण्यासारखा. "इस्त्रीच्या कामाची बिलं केली नाहीत?"

"हो साहेब. नाही केली. तो कर मी भरीन."

"आणि धुलाईची विक्री लपवलीत. बरोबर?"

भाऊजींची मान हलायला लागली. सवयीनं, आपोआप, वरून खाली. मी पदर मुठीत आवळला. वकीलबाई भिंतीकडे बघत होत्या. मान अर्ध्यात थांबली.

"नाही," भाऊजी म्हणाले.

"मोठ्यानं सांगा."

"नाही साहेब. नाही लपवली."

"पण ही सही तुमचीच आहे. त्या दिवशी मी विचारलं तेव्हा हो म्हणालात."

"म्हणालो साहेब. तुम्ही दमलेले दिसत होतात, लवकर आटपावं असं वाटलं. ते खोटं होतं. त्याबद्दल मला जी काय शिक्षा असेल ती द्या. पण विक्री मी लपवलेली नाही."

अधिकाऱ्यांनी नकळत बाहीचं बटण चाचपलं आणि फाइल मिटली.

निकाल आला. फसवणुकीचा आरोप मागे, खटला नाही, खातं खुलं. इस्त्रीच्या कामाचा कर आणि थोडा दंड, तो भाऊजींनी लगेच भरला. हिशेबनीस पेढे मागायला आले, मी त्यांना पाणी दिलं. सगळे मला म्हणतात, आता झालं ना, सोड. का सोडू? त्या निकालात लिहिलंय, 'संशयाचा फायदा देण्यात येत आहे.' कसला संशय? कारकुनानं डोळ्यांनी बघितलं, कोट टेबलावर होता, तरी खात्याचा संशय शिल्लक, आणि फायदा मात्र आम्हाला दिल्यासारखा दाखवायचा! माफीचा एक शब्द नाही. जी गिऱ्हाइकं नोटिशीची बातमी ऐकून दुसरीकडे गेली, त्यातली कित्येक परत आली नाहीत, त्यांना कोण सांगायला जाणार? आणि ज्यांना वकीलबाईंचा पत्ता देणारं प्रार्थनेला शेजारी कोणी बसत नाही, त्यांनी काय करायचं? यंत्रं विकून हप्ते भरायचे, आणि मरेपर्यंत चोर म्हणवून घ्यायचं. म्हणून हे लिहिलं. कोणाच्या दारात असे मऊ बोलणारे साहेब आले, तर आधी खुर्ची द्या, पाणी द्या, आणि म्हणा, माझा वकील येईपर्यंत थांबा.

परवा डबा घेऊन गेले तर भाऊजी टेबलाशी नुसतेच उभे होते, इस्त्री बाजूला काढून ठेवलेली.

"वहिनी, आज एका गिऱ्हाइकाला नाही म्हटलं."

"काय म्हणत होता?"

"शर्टाचं बटण तुम्ही तोडलंत म्हणे. मी म्हटलं, नाही साहेब, आला तेव्हाच नव्हतं."

"मग?"

"गेला. तणतणत." भाऊजींनी दाराकडे बघितलं. "मग परत आला. बटण त्याच्या पाकिटात होतं, बायकोनं ठेवलेलं."

"बघा! माफी मागितली का?"

"नाही," भाऊजी म्हणाले, आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघितलं. मग ते बटण लावायला खिशातून सुई काढून त्यांनी दोरा ओवायला घेतला. मागे यंत्र रिकामं फिरत होतं.